सूर्याकाठची मुकी वरात

मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत भूगोल शिकवतो. स्थलांतरित पक्ष्यांचा धडा आला की फळ्यावर नकाशा काढून वरून खाली एक लांब बाण ओढतो आणि सांगतो, हे पक्षी उत्तरेकडून येतात, आपल्याकडे हिवाळा काढतात आणि परत जातात. मागे एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही बघितले का?" मी नाही म्हणालो. आमच्या भागात हिवाळ्यात कुणी येत नाही, उलट अर्धं गाव ऊसतोडीला निघून जातं. म्हणून माझ्या मित्राचं, दिगंबरचं लग्न पालघर जिल्ह्यात, नदीकाठच्या पक्ष्यांच्या आश्रयस्थानात ठरल्याचं कळलं, तेव्हा मुख्याध्यापकांकडे रजा मागताना मी शैक्षणिक कारण असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

दिगंबर माझा वसतिगृहातला सोबती. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात नोकरी करतो. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं त्याच्या चुलत्यांनी, रंगनाथकाकांनी. काकांचा बँड आहे आणि ते स्वतः क्लॅरिनेट वाजवतात. आमच्या तालुक्यात त्यांनी मांडवापर्यंत पोचवलं नाही असं जोडपं शोधावं लागेल. त्यांच्या स्वतःच्या वरातीत ऐन वेळी क्लॅरिनेटवाला तापाने आडवा झाला, तेव्हा काकांनी घोड्यावर बसून स्वतःच वाजवलं. काकू अजून सांगतात, की नवऱ्याचं तोंड मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, पहिल्या दिवशी नुसते फुगलेले गाल दिसले.

या काकांचा माझ्यावर उपकार आहे. आमच्या घरातला, खरं तर आमच्या अख्ख्या गल्लीतला, पदवी घेतलेला मी पहिला. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करत. मी निकाल घेऊन एसटीतून उतरलो तर समोर काकांचा बँड उभा, पूर्ण गणवेशात. कुणीही सांगितलेलं नव्हतं. बाजारातून आमच्या दारापर्यंत त्यांनी मला वाजवत नेलं. दारात उभ्या असलेल्या वडिलांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. कुणीतरी म्हणालं, बँड लग्नाला लावतात, बी. ए.ला कुठे लावतात? काका म्हणाले, "लग्न तर कुणाचंबी होतं."

निघायच्या आदल्या आठवड्यात दिगंबरचा फोन आला. "एक अडचण आहे. त्या गावात पक्षी असेपर्यंत आवाज करत नाहीत."

"म्हणजे लाउडस्पीकर नाही?"

"काहीच नाही. बँड नुसता चालतो. वाजत नाही."

"मग काकांना सांग."

"मी कसा सांगू? बाबा जाताना काका त्यांना म्हणाले होते, दिग्याच्या वरातीत मी स्वतः वाजवीन. तू सांग. तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील."

दिगंबर इंजिनिअर आहे, हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सालवड

आम्ही बँडच्याच जीपने गेलो. माझ्या मांडीवर सगळी वाट मोठा ढोल होता, एवढं सांगून प्रवासाचं वर्णन संपवतो.

दिगंबर बोईसरजवळ सालवडला एका चाळीत राहतो. हवेला औषधाच्या दुकानासारखा वास. चाळीत साताऱ्याचे, जळगावचे, बिहारचे, सगळीकडचे कामगार आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी. दिगंबरचे शेजारी रामसजीवन त्याच्याच कारखान्यात ऑपरेटर आहेत. त्यांनी सकाळी सगळ्या वऱ्हाडाला चहा दिला आणि ढोलाकडे बघून खूश झाले. "अब लगेगा कि शादी है। यहाँ तो लड़के मोबाइल पर गाना बजाकर बारात निकाल देते हैं।"

काका म्हणाले, "उद्या ऐका तुम्ही."

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी काकांना पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि सांगितलं, काहीच न लपवता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकरा, त्या पाखरांची चूक नाही. त्यांनी आजवर इकडचे बँड ऐकले असतील."

"काका, तसं नाही."

"आपल्या देवळापुढच्या पिंपळावरचे बगळे कधी उठले का माझ्या वाजवण्यानं? उलट बसून ऱ्हातात. बेसूर वाजवलं तर पाखरू उडणारच, माणूसबी उडतो. मी एक सूर ऐकवतो त्यांना. मग तुझा तो पक्षीवाल्या लोकांचा नियम राहू दे कागदावर."

एवढं बोलून ते क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती ओली करायला गेले. मी दिगंबरला सांगितलं की काकांना कळवलं आहे. तो म्हणाला, "मग काय म्हणाले?" मी म्हणालो, "पक्ष्यांची बाजू घेतात." तेही खोटं नव्हतं.

नदीकाठ

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या पक्षी राखणाऱ्या मंडळाची तशी विनंती आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी मनोरला महामार्गावर बाजारात विचारावं. विचारलं की आधी नियम सांगतात, मग रस्ता. पाहुणे त्यांना मनापासून हवे असतात, फक्त तयार होऊन आलेले.

सूर्या नदीला तिथे मोठं वळण आहे आणि वळणाखाली बंधारा. त्यामुळे पाणी पसरून थांबतं. माघ महिन्यात इतकं पाणी बघायची मला सवय नव्हती. मी बराच वेळ नुसतं पाणीच बघत होतो, पक्षी नंतर दिसले.

गावाच्या अलीकडे रस्त्याखाली एक मोरी आहे, तिथून शांतता सुरू होते. मोरीवर चार बायका ताट घेऊन उभ्या होत्या. ओवाळलं, कुंकू लावलं, मग एकीने कापडी पिशवी पुढे केली. किल्ल्या, सुट्टे पैसे, पैंजण, वाजणारं जे काही असेल ते पिशवीत. मोबाइल बंद. चपलांच्या टाचांना फडकं. नारळ दिले, पण फोडायचे नारळ मोरीच्या बाहेरच फोडून आणलेले. बँडच्या झांजा त्यांनी दोन उशांच्या मधे घालून बांधल्या. झांजवाला आपलं मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं तसा बघत राहिला.

आत गेल्यावर पहिली गंमत शाळेची. मुलं पाढे म्हणत होती, पण नुसते ओठ हलत होते. गुरुजी ओठांकडे बघत फिरत होते. मी दारात उभा असताना त्यांनी एका मुलाला थांबवलं आणि कुजबुजून म्हणाले, "सतरा साते चुकलं." मुलाने कबूल केलं. मी दहा वर्षं शिकवतो आहे. माझ्या वर्गात मुलं ओरडून चुकतात तरी कधी कधी मला कळत नाही.

सातपाटीची एक मासेवाली पाटी घेऊन आली होती. आमच्याकडे भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी आली की शेवटच्या घराला कळतं. ही पाटी खाली ठेवून वरचं फडकं काढून गप्प उभी राहिली. मी हळूच विचारलं, "मावशी, लोकांना कसं कळतं?"

"बोंबलाला वरडाया लागतं काय?" ती म्हणाली. "वास जातो घराघरात."

दारं उघडायला लागलीच.

नवरी प्रणिता पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना माहिती देण्याचं काम करते. दिगंबर एका सुट्टीच्या दिवशी इथे आला आणि मग सगळा हिवाळा येत राहिला. दोघं कुजबुजतच एकमेकांना आवडले. पुढे मनोरच्या बाजारात तिने रिक्षावाल्याला हाक मारली तेव्हा याने तिचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि घाबरला, असं तो स्वतः सांगतो. तो आवाज वडिलांकडून आलेला आहे. तिचे वडील हरेश्वरभाऊ शेती करतात, चिकूची थोडी झाडं आहेत, आणि आवाज न करण्याचा नियम त्यांनीच गावाला लावला.

लग्न दुसऱ्या दिवशी असूनही प्रणिताने मला आणि काकांना पक्षी दाखवायला नेलं. अंगाला हळद लागलेली, गळ्यात दुर्बीण. पाण्याजवळ बांबूच्या तट्ट्यांचा एक आडोसा केला आहे. त्यात बघायला भोकं आणि खिळ्याला टांगलेली एक उशी. उशी कशाला ते मला लगेच कळलं, कारण सालवडच्या हवेने मला सर्दी झाली होती. नाकात हुळहुळलं, माझा चेहरा बदलला, आणि प्रणिताने अत्यंत सफाईने ती उशी माझ्या तोंडावर दाबली. मी उशीत शिंकलो. "रविवारी धुतो आमी," ती दिलासा देत म्हणाली. त्या दिवशी शुक्रवार होता.

मग मी भोकाला डोळा लावला.

चक्रवाक होते, पिकलेल्या नारिंगी रंगाचे, जोडीजोडीने वाळूवर बसलेले. तलवार बदकं होती, शेपटीचं टोक लांब. थापट्या नावाचं बदक होतं, त्याची चोच खरंच कालथ्यासारखी. मी फळ्यावर काढतो तो बाण ज्यांचा आहे, ते हे. हिमालय ओलांडून आलेले आणि इथे एका पायावर उभे राहून झोपलेले. मला उगाचच भरून आलं. वर्गातल्या त्या मुलीला आता सांगता येईल, असं वाटलं.

शेजारच्या भोकाला काकांचा डोळा होता. एक चक्रवाक मान वर करून बोलला. काका कुजबुजले, "खर्जातला आहे. बरा आहे." आणि त्यांनी झोळीतून क्लॅरिनेट काढलं.

प्रणिताने ते वरून धरलं. काकांनी खालून धरलं. दोघंही एक शब्द न बोलता ओढत होते. माझ्या हातात उशी होती, पण ती कुणाला द्यावी हे कळेना. तेवढ्यात हरेश्वरभाऊ आले. त्यांनी क्लॅरिनेटला हात लावला नाही. काकांना नमस्कार केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "चला काका, भांडून घेऊ."

मोरीपलीकडे

त्या गावात भांडायला मोरीपलीकडे जातात. सासू-सुना, भाऊ-भाऊ, बांधावरचे शेजारी, सगळे. चालत बरंच जावं लागतं. वाटेत हरेश्वरभाऊंनी काकांना चिकूची झाडं दाखवली, एक पिकलेला चिकू काढून दिला. काकांनी तो रागाने खाल्ला. वाटेत भेटणारा प्रत्येक जण कुजबुजून विचारायचा, "मोरीवर काय?" आणि हरेश्वरभाऊ मान हलवायचे. मी मागून चाललो होतो, कारण काकू म्हणाल्या होत्या, "तू जा, तू शिकलेला हायस."

मोरीपलीकडे पोचलो तर तिथे आधीच एक नवरा-बायको भांडत होते. विषय म्हशीचा होता. आम्हाला बघून बायको खणखणीत आवाजात म्हणाली, "आमचं झालंच. बसा." आम्ही कठड्यावर बसलो. थोड्या वेळाने ते दोघं खरंच आटोपले, मोरी ओलांडली आणि कुजबुजत घरी गेले.

आमची पाळी आली. हरेश्वरभाऊ उभे राहिले, घसा साफ केला आणि असा आवाज निघाला की मी कठडा धरला.

"काका, माझ्या पोरीचं लगीन हाय. मला हौस नाय काय? बँड तर हवाच. बँड नाय आणला तर लोक काय बोलतील? फकस्त वाजवायचा नाय."

"न वाजवता बँड कशाला आणू? न शिजवता जेवायला घालता का तुम्ही?"

"पालघरचा बँड येतो ना आमच्याकडं. चालतो, फोटो काढतो, जातो. कोणी कुरकुर नाय करत."

"तो बँड नसन. ते कपडे असतील."

 मग हरेश्वरभाऊंनी नियम का लावला ते सांगितलं. गावातल्याच एका लग्नात संध्याकाळी बँड वाजला, फटाके लागले. नदीवरचा सगळा थवा एकदम उठला. वर विजेच्या मोठ्या तारा आहेत, त्या अंधारात पाखरांना दिसत नाहीत. "सकाळी पत्रावळ्या उचलाया गेलो, ते पाखरं उचलत बसलो. नवरी रडत होती, माझ्या लग्नात काय झालं म्हणून. काका, ती पाखरं कुठून येतात ठाव हाय? बर्फातून येतात. आणि आमच्या वाजंत्रीनं मेली. माझ्या प्रणिताच्या लग्नात एक पाखरू उठलं, तर ते लगीन मी लागलं असं मानणार नाय."

काका कठड्यावर बसले. त्यांचा आवाजही आता खाली आला होता, जरी तिथे तशी गरज नव्हती.

"माझा भाऊ दवाखान्यात होता. बोलता येत नव्हतं. मी म्हणलं, दिग्याच्या वरातीत मी वाजवतो, तू काळजी करू नको. त्यानं मान हलवली. आता मी दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं वाजवत फिरलो जन्मभर, आणि घरच्या लग्नात नुसते गाल फुगवू? ती नक्कल झाली. ते लगीन मी लागलं असं मानणार नाही."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी पदवीधर म्हणून काहीतरी बोलणं आवश्यक होतं. मी म्हणालो, "दोघांचंही बरोबर आहे." हे ऐकून दोघंही एकदमच माझ्यावर चिडले, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

परत येताना मोरी ओलांडली. काका कुजबुजले नाहीत, बोललेच नाहीत. देवळाच्या थोडं पुढे, मोरीपासून ढकलत आणलेली जीप उभी होती. तिच्यात चढून त्यांनी काच वर केली. काच लावण्याआधी मला म्हणाले, "उद्या बँड न्या. मी इथंच ऱ्हाणार."

रात्री जेवायला उकडहंडी होती. कंद, वांगी, वालाच्या शेंगा मातीच्या मडक्यात घालून वाफेवर शिजवलेल्या, सोबत तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी थापताना जो आवाज होतो तो इथे नाही. बाया पिठाचा गोळा बोटांनी दाबत दाबत पसरवतात. चव सांगण्यासारखी होती, पण दिगंबर समोर बसून जेवत नव्हता, त्यामुळे मी दुसऱ्यांदा मागितली नाही. एक ताट काकांना जीपमध्ये पाठवलं. ताट रिकामं आलं, काका आले नाहीत.

वरात

मुहूर्त दुपारचा होता. नवरदेवाला घोडा नव्हता, घोडा खिंकाळतो म्हणून. भाजी विकायची हातगाडी झेंडूने सजवली होती आणि चाकांना खोबरेल तेल दिलं होतं. दिगंबर फेटा बांधून गाडीशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "काका उतरल्याशिवाय मी चढत नाही." दोन्हीकडची वडीलमाणसं समजावू लागली. तीसेक माणसं एकाच वेळी कुजबुजली की भाताच्या शेतात वारा शिरल्यासारखा आवाज येतो.

मग सगळे बाजूला झाले, कारण नवरी स्वतः आली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, हिरव्या चुड्याला रुमाल गुंडाळलेला. अंतरपाट दूर व्हायच्या आत नवरीने वरातीत यायचं नसतं. तिची आत्या मागून कुजबुजत होती, "प्रणे, लाज हाय का, मागं ये." प्रणिताने जीपची काच टकटक न करता बोटाने पुसली. काकांनी आतून खाली केली.

"काका," ती म्हणाली, "तुमी वाजवलं नाय तरी लगीन लागेल. पण तुमी चाललात नाय, तर हे चढायचे नाय आणि मी उभी ऱ्हायची नाय. मंग पाखरं ऱ्हातील आणि आमी दोघं जाऊ, आपापल्या घरी."

काकांनी तोंड फिरवलं. ती निघून गेली. काच खालीच राहिली.

भटजींनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. शेवटी काकूंनी दिगंबरच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो गाडीवर चढला. काय सांगितलं ते मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणलं, चढ तू. त्यांना मी ओळखते. फक्त बाबूला पुढं उभा कर."

बाबू कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा वाजवतो. मुरली ढोलावर. हे दोघं पुढे, बाकीचे मागे. वरात निघाली. म्हणजे माणसं चालू लागली. बाबूने कॉर्नेट ओठांना लावलं होतं, पण डोळे आजूबाजूच्या घरांकडे. बोटं एका जागी. मुरलीची टिपरी ढोलाच्या अलीकडे थांबत होती, पण कशीही, कधीही. वऱ्हाडी हात वर करून नाचायचा प्रयत्न करत होते आणि प्रत्येकाचा पाय वेगवेगळा पडत होता. रामसजीवनांनी मला विचारलं, "भाईसाब, गाना कौन सा चल रहा है?" मी म्हणालो, "मालूम नहीं." ते म्हणाले, "तो नाचें किस पर?"

वरात जीपवरून पुढे जात असताना दार उघडलं. काका खाली उतरले. गणवेश पूर्ण घातलेला होता, खांद्यावरच्या सोनेरी झालरीसकट. तो रात्रीच घातला असणार. ते बाबूच्या समोर जाऊन उभे राहिले आणि कुजबुजले. आमच्या गावात कुणी काकांना कुजबुजताना ऐकलेलं नाही.

"काय वाजवून ऱ्हायला?"

"काका, काहीच नाही."

"तेच म्हणतो मी. बोटं कुठंयत?"

बाबूने बोटांकडे पाहिलं.

"आणि हा," काका मुरलीकडे वळले, "हा दादरा तालात आहे का केरव्यात? याला तरी माहीत आहे का? समोर माणसं नाचून ऱ्हायली. ती कशावर पाय टाकतील?"

"काका, ऐकू तर कुणालाच येत नाही," मुरली म्हणाला.

"मला येतं."

मग काका सगळ्या वरातीकडे वळले. "माफ करा मंडळी. मागं फिरा. देवळापासून पुन्हा."

भटजींनी पुन्हा घड्याळ दाखवलं. काकांनी ते नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं आहे." हातगाडी वळवली. दिगंबर गाडीवर उलटा बसून देवळापर्यंत गेला. रडत होता, पण नियमात.

देवळाशी काकांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं, डोळे मिटले, उजव्या पायाने धुळीत ठेका धरला. मान एकदा हलली आणि वरात वाजायला लागली. मला याहून वेगळं लिहिता येत नाही. आवाज काहीही नव्हता. पण काकांची बोटं भोकांवरून पळत होती, गाल भरत होते, रिकामे होत होते, बाबू त्यांच्या मागे तीन सुरांचं अंतर ठेवून येत होता, आणि मुरलीची टिपरी चामड्याच्या अगदी जवळ येऊन अचूक थांबत होती. त्या टिपरीवर सगळ्यांचे पाय एकत्र पडायला लागले. गाणं कोणतं ते आधी काकूंनी ओळखलं, मग आमच्याकडच्या बायकांनी, आणि ओठांनी ते म्हणायला लागल्या. गावातल्या बायकांना ते येत नव्हतं, त्या आमच्या बायकांच्या ओठांकडे बघून म्हणू लागल्या. रामसजीवनांनी रुमाल काढला आणि दोन टोकं धरून असे नाचले की त्यांचं पोट कारखान्यात असं कधी हललं नसेल. काका मधेच थांबले, आम्हाला वाटलं काही बिघडलं, पण ते दोन गाण्यांच्या मधली जागा होती. मग दुसरं सुरू झालं, संथ. त्यावर म्हातारी माणसं नाचली.

नदीच्या वळणाशी रस्ता पाण्याच्या अगदी कडेला येतो. हरेश्वरभाऊ तिथे एकटे उभे होते. वरातीकडे पाठ, नदीकडे तोंड. चक्रवाक वाळूवर होते. एकाने मान उंच केली. हरेश्वरभाऊंचा हात वर गेला आणि तसाच राहिला. पण काका थांबले नाहीत. उलट त्यांनी गती धरली. बोटं दिसेनाशी झाली, बाबू घामाघूम, सगळी वरात उड्या मारत होती आणि फडकं बांधलेल्या टाचा धुळीत बसत होत्या. चक्रवाकाने आमच्याकडे पाहिलं. मग चोच पंखात खुपसली आणि झोपला.

हरेश्वरभाऊंनी हात खाली घेतला. वरात त्यांच्यावरून पुढे जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मग मला दिसलं, त्यांचं डोकं ठेक्यावर हलत होतं.

मुहूर्त टळला होता की नव्हता हे भटजींनी सांगितलं नाही. मंगलाष्टकं कुजबुजत झाली. शेवटचं सावधान इतकं हळू आलं की मागच्या लोकांनी पुढच्यांचं बघून अक्षता टाकल्या. प्रणिता आणि दिगंबरने हार घातले तेव्हा सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि तळवे एकमेकांपासून थोडे दूर ठेवून हलवले.

जेवणं झाल्यावर मी काकांजवळ बसलो होतो. त्यांनी क्लॅरिनेटचे भाग सुटे केले, आतून कापड फिरवलं, पत्ती काढून पुसली. शर्ट पाठीला चिकटला होता. दम लागलेला होता. हरेश्वरभाऊ दोन कप चहा घेऊन आले आणि न विचारता शेजारी टेकले. 

मग हरेश्वरभाऊ म्हणाले, "काका, ते वळणावरचं गाणं. लय भारी झालं."

काकांनी चहाचा घोट घेतला. "शेवटी ढोल जरा जास्त झाला."

हरेश्वरभाऊंनी विचार केला. "जरासा."

"मुरली तरुण आहे. आवरत नाही त्याला."

मी दोघांच्या मधून मान घालून म्हणालो की मी मागच्या बाजूला होतो, आणि तिथे तर ढोलापुढे क्लॅरिनेट नीट ऐकूच येत नव्हतं. काका म्हणाले, "बघा." आणि हरेश्वरभाऊ उठून मुरलीला सांगायला गेले.